एका दाढेसाठी कात्रज

कर्वेनगरहून कात्रजला जाण्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर त्याचं चुकत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत गाडीच्या काट्यावर अकरा किलोमीटर चारशे मीटर होतात. राजाराम पूल, सिंहगड रस्ता, पर्वतीच्या पायथ्याला वळसा, मग सातारा रस्ता धरून सरळ. लोक याहून लांब नुसती मिसळ खायला जातात. आम्हाला मात्र हे अंतर कापायला पाच फेऱ्या आणि सहा आठवडे लागले. आमच्यासारख्या आणखी काही घरांना याच रस्त्यानं जावं लागत असेल, म्हणून लिहून ठेवतो.

जुई ही आमची एकुलती मुलगी, वय नऊ. ती स्वमग्न आहे. बोलते कमी. तिच्याकडे मोजून एकोणीस शब्द आहेत आणि त्यांत ‘दुखतंय’ हा नाही. यंदा उन्हाळ्यात ती स्वतःच्या उजव्या गालावर चापट मारायला लागली. आम्हाला वाटलं, नवीन सवय. मी नगर भूमापन कार्यालयात नोकरी करतो, त्यामुळे जे समजत नाही ते मोजायचं, एवढंच मला येतं. चापटांच्या वेळा लिहून ठेवल्या. बाविसाव्या दिवशी माझी बायको सुजाता ते पान बघून म्हणाली, “अहो, ही प्रत्येक चापट बिस्किटानंतरची आहे.”

जुई पाचच पदार्थ खाते: मऊ भात, फोडणी नसलेलं वरण, केळं, पोळीचा मधला भाग आणि दुधात बुडवलेलं बिस्किट. बिस्किटाचा लगदा ती अर्धा अर्धा तास गालात धरून ठेवते. टूथपेस्ट तिला तिखट लागते, त्यामुळे ब्रश म्हणजे रोजची झटापट. दात किडला असेल हे कळायला बावीस दिवस लागावेत, ही आमची हुशारी.

घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे दोघांनी तिचे हात धरले आणि मी पाय धरले. तपासणी चाळीस सेकंद चालली. निष्पन्न शून्य. मी पाय धरले हे लिहायला बरं वाटत नाही, पण नोंद पूर्ण असावी.

पहिली फेरी: फाटक

जुईच्या शाळेतल्या एका आईकडून कात्रजच्या डॉक्टरांचा पत्ता मिळाला. गुरुवारी दुपारी दोननंतर त्या फक्त अशाच मुलांना बघतात. मी फोन केला.

“या गुरुवारी या,” डॉक्टर म्हणाल्या. “फाटकाशी पाच मिनिटं थांबा आणि परत जा.”

“तपासणी?”

“नाही.”

“मग बावीस किलोमीटर आठशे मीटर कशासाठी?”

“फाटकासाठी,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. माणूस पुण्याचं आहे याची खात्री पटली.

गेलो. कात्रजला शहर संपल्यासारखं वाटतं आणि संपत मात्र नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दुधाचे टँकर, मध्ये बारा-बारा मजल्यांच्या इमारती, आणि त्यांच्यामध्ये अजून म्हशी बांधलेली दोन-चार घरं. दवाखाना अशाच एका घराच्या तळमजल्यावर आहे. डॉक्टरांचं माहेर तिथलंच. त्यांच्या वडिलांची शेती होती त्या जागेवर आता तीन सोसायट्या आहेत.

फाटकाशी हिराबाई उभ्या होत्या. दवाखान्यातली सगळी वरची कामं त्या करतात. वय साठीच्या आसपास, हिरवं लुगडं, हातात झाडू.

“आत न्हाय यायचं म्हनं आज,” त्या म्हणाल्या. “हितंच बसा की.”

“आम्ही उभे राहतो.”

“उबं ऱ्हावा. पोरगी बगतीया तेवढं बास हाय.”

जुई खरोखरच बघत होती. फाटकाच्या गजांवरून तिनं एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे बोट फिरवलं. गज चौदा होते. मग आम्ही डेअरीच्या दुकानात ताक पिऊन घरी आलो. जुईनं तोंड लावलं नाही.

निघताना हिराबाईंनी गाडीच्या खिडकीतून एक पिशवी दिली होती. आत लहानसा प्लॅस्टिकचा आरसा, मऊ ब्रश, वास नसलेली पेस्ट आणि डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी: ‘घरी खेळा. आधी तुम्ही, मग ती. तीन आठवडे.’

घरचे वीस दिवस

आमच्याकडे कापडी आरामखुर्ची आहे. रोज संध्याकाळी सात वाजता ती दिवाणखान्यात मांडायची, एकेकानं बसायचं, दुसऱ्यानं टॉर्च धरून आरशानं दात मोजायचे, ‘झालं’ म्हणायचं, उठायचं. माझी आई आमच्यासोबत राहते, वय शहात्तर. तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “पोरीला एकटीला बसवायचं नाही. बसायचं तर सगळे बसू.” तेव्हा क्रम ठरवणं आलं. वयाप्रमाणे आई पहिली यायला हवी, पण तिला कवळी काढून वाटीत ठेवायला वेळ लागतो. म्हणून मी पहिला, आई दुसरी, सुजाता तिसरी, जुई चौथी. मी हा क्रम वीस संध्याकाळी एकदाही मोडू दिला नाही. कामात शिस्त असावी, या मताचा मी आहे. त्या शिस्तीचं पुढे काय झालं ते येईलच.

दातांचे आकडे असे: मी अठ्ठावीस, आई शून्य, सुजाता एकतीस. आईला दर वेळी “शून्य!” असं ऐकवलं की ती म्हणायची, “एवढे शिकलात आणि रोज तेच उत्तर काढता.” अकराव्या दिवशी जुई आपण होऊन खुर्चीत बसली. सोळाव्या दिवशी तिनं तोंड उघडलं. चोवीस.

दुसरी फेरी: चपला

या वेळी चौघेही गेलो, कारण आई म्हणाली, “मी रोज उपयोगी पडते, तर तिथेच का नको?”

दवाखान्याचा प्रदेश आपल्यापेक्षा वेगळा आहे. टीव्ही नाही. ट्यूबलाइट नाही, पिवळे दिवे आहेत. फिनेलचा वास नाही. आणि तिथल्या चालीरीती आपल्या उलट्या. आपल्याकडे मूल रडायच्या आधीच सगळे म्हणतात, काही होत नाही, घाबरू नकोस. मी सवयीनं तेच म्हणालो तर डॉक्टरांनी मला थांबवलं. चाळिशीच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेल्या.

“काही होत नाही असं सांगू नका. होतं. काय होतं ते सांगा.”

“आणि दुखलं तर?”

“तर दुखेल असं आधी सांगा. तुमच्यावरचा तिचा विश्वास हे माझं सगळ्यात महागाचं हत्यार आहे. ते बोथट करू नका.”

दारात जुईनं चपला मांडल्या. माझ्या, आजीच्या, सुजाताच्या, स्वतःच्या, डावीकडून उजवीकडे, सरळ रेषेत. मग तिनं माझी बाही धरली आणि थेट खुर्चीशी नेलं. तिच्या दृष्टीनं सात वाजले होते.

डॉक्टर खुर्चीकडे, माझ्याकडे आणि मागे रांगेत उभ्या राहिलेल्या आई-सुजाताकडे बघत राहिल्या. “हे काय?”

“घरी असंच बसतो आम्ही. क्रमानं.”

“मी लिहिलं होतं आधी तुम्ही, मग ती.”

“हो. आम्ही सगळे आधी.”

“कुटुंबच्या कुटुंब!” डॉक्टर म्हणाल्या. “बरं, बसा.”

माझे अठ्ठावीस मोजता मोजता त्या वर डावीकडे थांबल्या. “इथे कीड आहे. लहान आहे. भरून टाकू.”

“बघू,” मी म्हणालो. यंत्राच्या नुसत्या आवाजानं माझे तळवे ओले होतात, हे तिथे सांगायचं कारण नव्हतं.

आईचं शून्य आलं. आई म्हणाली, “जयभीम डॉक्टर, हे उत्तर घरी निघालं होतं.” सुजाताचे एकतीस. मग जुई चढली आणि तिनं तोंड उघडलं, नऊ सेकंद. डॉक्टरांना तेवढे पुरले.

तिसरी आणि चौथी फेरी

तिसऱ्या फेरीतली सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे एप्रन. क्ष-किरण फोटो काढताना अंगावर जो शिशाचा जड एप्रन घालतात, तो अंगावर पडताच जुईचे खांदे खाली आले आणि ती चक्क गुणगुणायला लागली. फोटो त्या दिवशी जमला नाही, कारण वेळ संपली, आणि एप्रन काही निघेना. ओढला की ती धरून ठेवायची.

“घेऊन जा,” डॉक्टर म्हणाल्या. “माझ्याकडे दुसरा आहे. पुढच्या गुरुवारी परत आणा.”

अशा रीतीनं आमची मुलगी शिशाचं चिलखत घालून सातारा रस्त्यानं आली. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं सलाम ठोकला. घरी वजनकाट्यावर ठेवून बघितला: दोन किलो नऊशे.

चौथ्या फेरीत फोटो निघाला. डॉक्टरांनी तो पडद्यावर दाखवला. खालची उजवी, सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ. तिच्यात एक काळा खड्डा.

“ही जन्मभराची दाढ आहे,” त्या म्हणाल्या. “कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नाही, पण अंतर फार कमी उरलंय. पुढच्या गुरुवारी जमलं तर इथेच खरवडून भरते. त्याहून जास्त मी थांबणार नाही. मग पूर्ण भूल देऊन रुग्णालयात करू. त्यात कमीपणा काही नाही. पुष्कळ मुलांना तोच रस्ता बरोबर असतो.”

ते मला पटत होतं. पण रुग्णालयाचा आमचा एक आकडा आहे. तीन वर्षांपूर्वी जुलाब झाले म्हणून जुईला दोन दिवस सलाईन लावलं होतं. जाताना तिच्याकडे अकरा शब्द होते. घरी आली तेव्हा तीन. हरवलेले आठ परत यायला चौदा महिने लागले, आणि त्यांतला ‘बाबा’ सगळ्यांत शेवटी आला.



पाचवी फेरी: पौर्णिमा

मी त्या गुरुवारची सगळी तयारी केली होती. रजा टाकली, गाडीत पेट्रोल भरलं, एप्रन तर जुईनं अजून परत करू दिला नव्हता, तो तिच्या अंगावरच होता. फक्त त्या दिवशी पौर्णिमा आहे, हे मी बघितलं नाही. आई पौर्णिमेला सकाळीच पांढरी साडी नेसून आमच्या वस्तीतल्या विहारात जाते, दिवसभर शील पाळते आणि फोन घरी ठेवते. “ती नसली तरी चालेल,” मी सुजाताला म्हणालो. “शून्यच तर मोजायचंय.”

दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. जुईनं चपला मांडल्या. माझ्या. मग एक जोड मावेल एवढी मोकळी जागा. मग सुजाताच्या, मग स्वतःच्या. आणि पायरीवर बसून राहिली.

मी खुर्चीत बसून दाखवलं. सुजातानं बसून दाखवलं. जुईनं मानसुद्धा वर केली नाही. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

“आजी कुठेत?” डॉक्टर दारात येऊन म्हणाल्या.

“विहारात. पण मी म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या चपला तिथे ठेवल्या तर?”

“तुम्ही हिला फसवायला सांगताय की स्वतःला?”

मी जुईशेजारी पायरीवर टेकलो.

“पाचला माझा दुसरा पेशंट येतो,” त्या म्हणाल्या. “त्यालाही घाई चालत नाही. तोवर खुर्ची तुमची.”

सुजातानं किल्ली उचलली. “मी आणते आईंना. तुम्ही हिच्याजवळ बसा, आणि काही सुचलं तरी करू नका.”

पुढची एक तास एकतीस मिनिटं मी त्या पायरीवर होतो. हिराबाईंनी चहा आणला.

“आजीबिगर बसत न्हाय व्हय पोरगी?”

“मीच लावलाय क्रम. वीस दिवस घोटून.”

“मंग आता का वैतागता? तुमीच पेरलंया.” त्या खाली बसल्या. “गुनाची हाय पर. आमची नातवंडं एक आयकत न्हाईत. हिनं आयकलं आनि धरून ठिवलं.”

पाच-पाच मिनिटांनी मी घड्याळ बघत होतो. डॉक्टर त्यांचा डबा खाऊन, हात धुऊन, काहीतरी वाचत बसल्या. एकदाही बाहेर डोकावल्या नाहीत. त्याचे उपकार मला तेव्हा कळले नाहीत.

तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी गाडी आली. आई पांढऱ्या साडीत उतरली आणि तिथूनच सुरू झाली. “वंदनेतून उठवून आणलं मला! तुझ्या कॅलेंडरात चंद्र नसतो का रे?” पण बोलता बोलता तिनं चपला काढल्या आणि बरोबर त्या जागेत ठेवल्या. जुई उठली आणि माझी बाही धरली.

अठ्ठावीस. शून्य. एकतीस. जुई चढली, तोंड उघडलं, चोवीस. इथवर रोजचंच. डॉक्टरांनी मग ते हळू फिरणारं यंत्र हातात घेतलं. “हे घुर्र करतं. दातावर गुदगुल्या होतात. थोडं टोचेल. दहा मोजते आणि थांबते.” आधी ते जुईच्या अंगठ्याच्या नखावर फिरवून दाखवलं. जुईनं नखाकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि खुर्चीतून उतरली.

चार वाजून चौदा मिनिटं.

ती दाराकडे गेली नाही. माझ्याकडे आली, बाही धरली आणि मला खुर्चीकडे ओढायला लागली.

डॉक्टरांच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. “बरोबर आहे तिचं. हे यंत्र तुमच्या क्रमात बसलेलंच नाही. आधी तुम्ही.”

“म्हणजे नखावर?”

“वर डावीकडे. दुसऱ्या फेरीत मी सांगितलं होतं. तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”

“इंजेक्शन तरी...”

“एवढ्याशा किडीला? आणि बधिर तोंडानं तिला हसून कसं दाखवणार?”

आई मागून म्हणाली, “बस रे. पन्नाशी उलटली.”

बसलो. जुई माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभी राहिली आणि आत बघू लागली. यंत्र सुरू झालं. ते काय असतं, हे मी इथे खरं लिहितो. टोचतं. कानाच्या आत घरघरतं. जळका वास येतो. पण डॉक्टर एक ते दहा मोजतात आणि दहाला थांबतात. नऊला नाही, अकराला नाही. तिसऱ्या दहाच्या सुमारास मला कळलं की माणूस एवढ्यावर विसंबून पडून राहू शकतो. सहा मिनिटांत माझा दात भरून झाला. मी हसलो. सुजाता म्हणते की ते हसणं नव्हतं, पण जुईला चाललं.

आईच्या वेळी अडचण होती. शून्य दातांवर यंत्र कुठे फिरवणार? आईनं कवळी परत तोंडात बसवली आणि म्हणाली, “हिच्यावर फिरवा. घासायची होतीच.” सुजाताचे दात नुसत्या ब्रशनं चकचकीत केले. चार पस्तीस.

जुई चढली. एप्रन, गडद चष्मा, कानांवर आवाज अडवणारी टोपणं. डॉक्टर बोटांनी मोजून दाखवत होत्या आणि जुई एप्रनवर तेच आकडे बोटानं वाजवत होती. दुसऱ्या दहाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढे झालो, तर सुजातानं माझा हात धरला. डॉक्टर दहाला थांबल्या. जुईनं श्वास सोडला आणि तोंड उघडंच ठेवलं. असे सात दहा झाले. मग पांढरं सिमेंट भरलं, वर निळा दिवा धरला.

“झालं,” डॉक्टर म्हणाल्या.

“झालं,” जुई म्हणाली. हा शब्द तिचाच आहे, एकोणिसातला. तरी सुजाता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि आईनं उगाचच पदर सारखा केला.

चार एकावन्न. हिराबाई टोपणं उचलायला पुढे आल्या. जुईनं खुर्चीतून उतरून त्यांचं मनगट धरलं. ती परक्या माणसाला कधी हात लावत नाही. तिनं हिराबाईंना एक पाऊल ओढलं, आणखी एक, आणि खुर्चीशी आणून उभं केलं.

“अगं बया! मला कशाला?”

“तुमची पाळी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच हसरा दिसला. “नऊ वर्षं खुर्ची पुसताय. कितीदा म्हटलं, एकदा बसा?”

“मला भ्या वाटतं त्याचं.”

“मला पण,” मी म्हणालो. माझ्या तोंडून हे निघाल्यावर आई आणि सुजाता दोघींनी माझ्याकडे बघितलं.

जुई मनगट सोडत नव्हती. हिराबाई एकदा दाराकडे, एकदा तिच्याकडे बघून, लुगडं सावरत टेकल्या. पाय जमिनीवरच ठेवले. डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं. मिश्रीनं काळे पडलेले दात होते. डॉक्टर मोजत होत्या आणि जुई वाकून बघत होती. सतरा.

“मागची दाढ काढावी लागेल, हिराबाई. आतून पू झालाय. दुखत असणार.”

“दोन वर्सं,” हिराबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “आज काढता?”

“आज नाही. पुढच्या गुरुवारी.”

हिराबाईंनी डोळे उघडले. खुर्चीजवळ उभ्या असलेल्या जुईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“साहेब, गुरवारी हिला आनाल का? मी बसते. पर ही म्होरं उबी ऱ्हायली पायजे.”